हळूबाईंचा राग

चित्रबाईंनी मुलांची एक बुटकी खुर्ची उचलून मागच्या भिंतीशी नेली आणि तिच्यावर बसल्या. खुर्ची इतकी ठेंगणी, की त्यांचे गुडघे छातीशी आले. त्यांनी मांडीवर पिशवी ठेवली, पिशवीवर दोन्ही हात ठेवले आणि समोर पाहिलं.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

हळूबाईंनी मान डोलावली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली माती सोडायला घेतली. माती मऊ होती, लगेच वाटता आली असती. पण त्या ती उगाचच पुन्हा पुन्हा मळत राहिल्या.

पहिल्या टेबलाशी गोट्या बसला होता. काचेच्या गोटीसारखे टपोरे डोळे म्हणून गोट्या. त्याने आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं.

"हळूबाई, चित्रबाई तुम्हाला तुम्ही का म्हणाल्या? त्या तर तू म्हणतात."

"आता त्या मोठ्या बाई झाल्या ना," हळूबाई म्हणाल्या.

"मोठं झालं की तुम्ही म्हणायचं?"

"हो."

"मी तर आधीपासून तुम्हाला तुम्ही म्हणतो," गोट्या विचारात पडला. "मग मला का नाही केलं मोठ्या बाई?"

वर्ग हसला. एरवी अशा वेळी हळूबाईही हसल्या असत्या. आज त्यांनी फक्त मातीचा एक गोळा त्याच्यापुढे ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

लहान मुलांना फसवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, ते कधी बालवर्गात उभे राहिलेले नसतात. बाईंचा आवाज तोच होता, हातही तेच, कपाळावर येणारी बट मागे सारण्याची सवयही तीच. तरी मुलांना काहीतरी वेगळं लागलं. दारातून आत येताना ती रोजच्यासारखी बाईंच्या अंगावर येऊन आदळली नव्हती. आपापल्या जागी जाऊन बसली होती, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी.

हळूबाई हे नाव मुलांनीच पाडलं होतं. हळू चला, हळू बोला, हळू ठेवा. दिवसभर त्यांच्या तोंडी हाच शब्द. त्यांचा चढलेला आवाज या शाळेत कोणी ऐकला नव्हता. वरच्या वर्गांच्या शिक्षकांचे घसे दुपारपर्यंत बसत. हळूबाई बोलत त्या जणू शेजारी कोणी झोपलंय अशा, आणि गंमत म्हणजे ऐकू यावं म्हणून मुलंच गप्प होत. नवे पालक आले की त्यांना मुद्दाम त्यांच्या वर्गाच्या दाराशी आणून उभं करत. बघा, असा असतो बालवर्ग.

आणि आज त्याच वर्गात, त्यांना इथे ठेवायचं की नाही हे ठरवायला, चित्रबाई मागच्या भिंतीशी बसल्या होत्या. दुपारी वरच्या मजल्यावर संस्थेची बैठक होती. चित्रबाई तिथे जाऊन काय सांगतात त्यावर सगळं होतं. त्यांनी नको म्हटलं, की हळूबाईंची बदली कार्यालयात. फोन उचलायचे, कागद लावायचे. मुलांचा आवाज तिथे फक्त मधल्या सुट्टीत, खिडकी उघडी असली तर यायचा.

महिन्याभरापूर्वी चित्रबाई या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवत होत्या. मोठ्या बाईंची जागा रिकामी झाली तेव्हा दोघींनी ठरवून अर्ज केला होता. "तुला मिळाली तर मी उठून सलाम करीन," चित्रबाई म्हणाल्या होत्या. "मला मिळाली तर तू रोज चहा पाजायचास." हळूबाईंना चहा पाजायलाही चाललं असतं. खरं तर त्यांनी घरी चहाचे दोन नवे कपही आणून ठेवले होते.

मग मुलाखतीचा दिवस आला. अध्यक्षांना प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायची सवय होती, जणू ते वाक्य दाराबाहेर उभं आहे आणि आत येऊ का विचारतंय. त्यांनी शिक्षण विचारलं, अनुभव विचारला, मग घसा खाकरून म्हणाले,

"बाई, तुमच्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. पण ही तिखटी कोण? आणि मुसमुसी? आणि ती तिसरी, टवाळी?"

हळूबाईंनी समोरचा पाण्याचा पेला पाहिला. तो टेबलाच्या अगदी कडेला होता. त्यांनी तो उचलून मधोमध ठेवला.

ती तीन नावं या जगात दोघीच जाणत होत्या.

"आमची आपापसातली गंमत आहे ती," त्या म्हणाल्या.

"असेल," अध्यक्ष म्हणाले. "पण लहान मुलांच्या बाई बाहेरून एक आणि आतून चार, असं असलं तर पालकांनी काय समजायचं?" मग पुन्हा घसा खाकरून, किंचित हसून, "माझाही घसा तुम्ही फार छान खाकरता म्हणे."

उरलेल्या मुलाखतीत त्या काय बोलल्या हे त्यांना कधीच आठवलं नाही. जागा चित्रबाईंना मिळाली, आणि अशा बाईंना लहान मुलांजवळ ठेवावं का, हा प्रश्न संस्थेपुढे आला.

वर्गाच्या पलीकडे सामानाची खोली होती. रंगीत कागदांचे गठ्ठे, पुठ्ठे, खळीचे डबे, तुटक्या खुर्च्या. जेवणाच्या सुट्टीत दोघी तिथे बसत. चित्रबाई बालदी पालथी घालून तिच्यावर बसत आणि काहीतरी चिकटवत राहत. हळूबाई दार लोटून घेत आणि मग कोण येईल सांगता येत नसे. कधी तिखटी येई. ती उभ्याउभ्याच एकेका पालकाचं सालटं काढी, की मुलीला ताप असताना शाळेत सोडून जाता आणि वर फोन उचलत नाही. कधी मुसमुसी. तिला रडायला कारण लागत नसे. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्याला टेकून बसायची आणि नाक ओढायची. आणि टवाळी आली तर दोघींची जेवणं तशीच राहत. ती अध्यक्ष होई, शिपाई होई, गणिताचे मास्तर होई, नवरा रुसलेली शेजारीण होई. चित्रबाई पोट धरून हसत आणि म्हणत, "पुरे गं, खळ सांडली माझी."

नावं चित्रबाईंनीच दिली होती. त्याआधी त्या तिघींना नावं नव्हती, आणि म्हणून त्या असल्याचा पुरावाही नव्हता. हळूबाईंच्या घरी चार भावंडं. तीन हूड, आजारी, हट्टी, आणि एक ही. आई दमून भिंतीला टेकली की हिच्याकडे बघून म्हणायची, "तू तरी त्रास देऊ नकोस गं." तिने तो शब्द इतका पाळला, की पुढे लोकांना तो तिचा स्वभावच वाटू लागला. तिलाही वाटू लागला. उरलेलं सगळं कुठेतरी ठेवायला एक खोली हवी होती. ती चित्रबाईंमुळे मिळाली होती.

मुलाखतीनंतर हळूबाई त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. पण तिघींचं काय करायचं? दार बंद झालं तशा त्या हळूबाईंबरोबर घरी येऊ लागल्या. घासलेली भांडी पुन्हा घासायला लावत. दोन नवे कप हळूबाईंनी कपाटात अगदी मागे, दिसणार नाहीत असे सरकवून ठेवले.

"बाई, ही बघा," कोणीतरी ओरडलं.

हळूबाई वळल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी गोट्या आणि मुंगी समोरासमोर उभी होती. मुंगी हे नाव तिच्या आजोबांनी तिच्या जन्माच्या दिवशीच ठेवलं होतं, इतकीशी होती म्हणून. ती चावायला लागली ती पुढे. त्यात आजोबांचा दोष नव्हता.

मुंगीच्या हातात मातीचा कुत्रा होता. गोट्याच्या हातात कुत्र्याचा पाय होता.

"तिने पाच पाय केले," गोट्या म्हणाला. "कुत्र्याला चार असतात. मी एक काढला."

"पाचवा कशाला गं?" हळूबाईंनी विचारलं.

"एखादा दमला तर बदलायला," मुंगी म्हणाली. तिचा खालचा ओठ आत गेला होता. हे लक्षण चांगलं नव्हतं.

हळूबाई तिच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या. मागच्या भिंतीशी पिशवीची चेन वाजल्यासारखं वाटलं. त्यांनी आवाज आणखी खाली आणला, इतका, की तो त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"हळू, हळू. आपण रागवायचं नाही. त्याने मुद्दाम नाही केलं. आणि कुत्र्याला चारच पाय असतात, हो ना? हे बघ, चार पायांवर किती छान उभा राहील."

"नाही राहणार."

"राहील. आधी एक मोठा श्वास घे बघू."

"मला नाही घ्यायचा श्वास," मुंगी म्हणाली. "तुम्हाला काही कळत नाही. तुम्हाला राग येतच नाही."

"रागावून काय होतं सांग? आपण शांत—"

मुंगी त्यांच्या हाताला चावली. मनगटाच्या जरा वर, मांसल जागी, आणि तोंड उघडलं नाही.

"सोड," हळूबाई ओरडल्या. "सोड म्हणते ना. दुखतंय मला."

तो आवाज छताला लागून खाली आला. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते, ते थांबले. दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. मुलं जिथल्या तिथे थिजली. मुंगीने दात सोडले आणि दोन पावलं मागे सरकली.

हळूबाईंना वाटलं, आता थांबावं. आता हसावं, काही झालं नाही म्हणावं. पण आवाज थांबेना.

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या, त्याच मोठ्या आवाजात. "खूप राग आलाय. मी तुझ्याशेजारी येऊन बसले. तुझं ऐकून घ्यायला बसले. सगळ्यांना सोडून तुझ्याजवळ बसले, आणि तू मलाच चावलीस."

हे बोलताना त्यांची मान कधी वर झाली, नजर मुंगीच्या डोक्यावरून निघून मागच्या भिंतीपर्यंत कधी पोचली, त्यांचं त्यांना कळलं नाही. चित्रबाईंनी पिशवी पोटाशी धरली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी.

मग मुंगीच पुढे आली. ती घाबरलेली दिसत नव्हती. नवीन खेळणं बघावं तशी ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला पण येतो?" तिने विचारलं.

"काय?"

"राग."

"येतो."

"रोज?"

"बऱ्याचदा."

"मग तो कुठे ठेवता?"

मुलांना खरं उत्तर द्यायचं आणि त्यांच्या मापाचं द्यायचं, ही हळूबाईंची नेहमीची रीत होती. आज त्यांच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते कोणाच्या मापाचं आहे हे त्यांना कळत नव्हतं.

"सामानाच्या खोलीत ठेवायचे," त्या म्हणाल्या.

"तिथे तर कागद आहेत," गोट्या म्हणाला.

"कागदांच्या मागे."

मुलांना हे पटलं. कागदांच्या मागे खूप जागा होती, हे त्यांनी पाहिलं होतं. फक्त एकीला शंका आली.

"मग आज बाहेर कसा आला? कोणी दार उघडं टाकलं?"

हळूबाईंनी मागे पाहिलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "कोणीतरी उघडं टाकलं."

आणि मग जे व्हायचं ते झालं. डोळे भरून आले आणि वाहायला लागले. त्यांनी पदर शोधावा तसा हात खांद्याकडे नेला, मग बाहीनेच नाक पुसलं. गोट्या वाकून त्यांच्या तोंडाखाली आला आणि वर बघू लागला.

"बाई, तुम्ही रागावलात की रडताय?"

"दोन्ही."

"एकदम?"

"एकदम. असं जमतं हे मलाही आजच कळतंय."

गोट्याने करून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या आणि ओठ रडके केले. त्याचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं, की हळूबाईंच्या पोटातून हसू वर आलं. त्यांनी ते परतवलं नाही. "आणि ओरडले कशी मी? 'सोड म्हणते ना,' दारात शेपूट सापडलेल्या मांजरीसारखी," असं म्हणून त्यांनी स्वतःचीच नक्कल करून दाखवली. नक्कल इतकी हुबेहूब झाली, की दारातल्या मावशीही तोंडाला हात लावून हसल्या. मग प्रत्येकाला ओरडून बघायचं होतं. त्यांनी ओरडू दिलं. एकेकाला, आपापल्या जागी उभं राहून. कोणी भावावर ओरडलं, कोणी इंजेक्शनवर, एक जण नुसताच ओरडला आणि कशावर ते विसरला.

शेवटच्या मुलाचं ओरडून झालं आणि वर्ग शांत झाला. बोट ओठावर ठेवल्यावर होतो तसा नव्हे. ती शांतता मुलांनी बाईंसाठी धरलेली असे, बाईंची पाठ वळली की सुटे. ही कोणी धरलेली नव्हती. मुलं खाली बसली आणि माती थापू लागली. हळूबाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीत काही दाबून धरलेलं नव्हतं. तिखटी होती, मुसमुसी होती, टवाळी तर होतीच, आणि तरी श्वास सरळ येत होता.

मुंगी त्यांच्या हाताशी आली. हातावर दातांचे ठसे उमटले होते. खालच्या ओळीत मधे एक फट, कारण तिथला दात नुकताच पडला होता. मुंगीने फटीवर बोट ठेवून बघितलं. "हा माझा नसलेला दात," ती म्हणाली. मग, "दुखतंय?"

"हो."

"खूप?"

"खूप."

मुंगीने वाकून फुंकर घातली. फुंकरीबरोबर बरीच थुंकीही आली. तोवर गोट्याने कुत्र्याचा पाचवा पाय पुन्हा लावला होता. कुत्रा पाचही पायांवर उभा राहिला, थोडा तिरका.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मावशी मुलांना अंगणात घेऊन गेल्या. हळूबाई उठल्या, ओलं फडकं हाताला गुंडाळलं आणि टेबलं पुसायला लागल्या. चित्रबाई खुर्चीतून उठायच्या बेतात होत्या, पण खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. तिच्यातून सुटायला त्यांना थोडी खटपट करावी लागली. एरवी यावर दोघी दिवसभर हसल्या असत्या.

"दाखव हात," चित्रबाई म्हणाल्या.

"मुलं बाहेर गेली की मी पुन्हा 'तू' झाले वाटतं."

चित्रबाई दोन पावलं पुढे आल्या. त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"मला त्यांनी विचारलं, तुम्ही किती ओळखता त्यांना. मी सांगितलं. एक शब्द खोटा नाही सांगितला."

"नावं सांगितलीस."

"नावं माझीच होती."

"माणसं माझी होती," हळूबाई म्हणाल्या. त्या टेबलाचा एकच कोपरा पुसत होत्या. "मी दार लावून घ्यायचे गं. तुला कळत नव्हतं का कशासाठी?"

"कळत होतं." चित्रबाईंनी मातीचा एक तुकडा उचलला आणि बोटांत चुरला. "मला ती जागा हवी होती. ते एक आहेच, ते नाही असं म्हणणार नाही. पण तेवढंच नाही. तू मला कोण दिलंस सांग इतक्या वर्षांत? जी मुलांशी तशी बोलते, तिला एकदा तरी आलीस घेऊन त्या खोलीत? माझी आई गेली तेव्हा मी पालथ्या बालदीवर बसून होते. तू आलीस, दार लावलंस आणि त्या अध्यक्षांवर तोंडसुख घेतलंस. मी हसलेही. घरी जाऊन वाटलं, माझ्यासाठी हिच्याकडे हळू असं काही नाहीच. चांगलं सगळं मुलांना, आणि खरकटं मला."

हळूबाईंचा हात थांबला.

"मी तुला हसवायला केलं ते."

"मला हसायचं नव्हतं."

बाहेर अंगणात कोणीतरी पडलं, रडलं, आणि उठून पुन्हा पळालं. दोघींनीही सवयीने खिडकीकडे मान वळवली आणि काही नाही असं बघून परत आणली.

"तेव्हा म्हणायचंस," हळूबाई म्हणाल्या.

"तू म्हणालीस का, मुलाखतीनंतर? एवढे दिवस झाले. मला वाटलं, येईल तिखटी, काढील माझं सालटं. मी वाट बघत होते. कोणीच आलं नाही."

"आज आली."

"आली," चित्रबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली माती झटकली. "वर काय सांगू मी आता?"

"पाहिलंस ते सांग."

"ओरडलीस ते?"

"ते सगळ्यात आधी सांग. शेजारच्या वर्गाने ऐकलंय, पाढे थांबले होते त्यांचे. रडले तेही सांग."

"मग ते तुला इथे ठेवणार नाहीत. तुला माहितीये ते कसे आहेत."

"माहितीये. पण मी पुन्हा कागदांच्या मागे जाऊन बसणार नाही." हळूबाईंनी फडकं पिळलं. मळकं पाणी बालदीत पडलं. "आणि तुला मी माफ केलंय असं समजू नकोस. ते मला अजून जमलेलं नाही. तुझी आई गेली तेव्हाचं मात्र माझं चुकलं. हे दोन्ही वेगवेगळं ठेव."

चित्रबाईंनी खुर्ची उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली.

शाळा सुटली तेव्हा हळूबाई नेहमीसारख्या पायरीवर उभ्या राहिल्या. एकेका मुलाचा हात घरच्याच्या हातात द्यायचा आणि एक वाक्य सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. वाक्य ठरलेलं असे. छान होता. गुणी आहे. काही त्रास नाही. मोठ्या माणसांना तेवढंच हवं असतं, आणि त्या तेवढंच देत आल्या होत्या. आजही पहिल्या दोघातिघांना त्यांनी तेच दिलं, तोंडातून आपोआप आलं.

मुंगीचे आजोबा आले. उंच, वाकलेले, टोपी हातात घेऊन बोलणारे.

"काय म्हणते आमची मुंगी? शहाण्यासारखी राहिली ना?"

चित्रबाई त्याच वेळी वर्गातून बाहेर पडल्या. खांद्याला पिशवी, चेहरा बैठकीला जाताना करतात तसा. वरचा जिना पायरीला लागूनच होता. त्या जिन्याच्या कठड्याशी आल्या.

"चावली आज," हळूबाई म्हणाल्या.

आजोबांचा चेहरा पडला. "पुन्हा? कोणाला?"

"मला." त्यांनी हात पुढे केला.

"अरे देवा. घरी बघतो हिच्याकडे. आज हिला—"

"नाही, ऐका तर. मग तिने फुंकरही घातली. कोणी न सांगता. आणि कुत्रा केलाय, तो उद्या बघायला या, असा कुत्रा तुम्ही पाहिला नसेल." त्यांनी मुंगीचा हात आजोबांच्या हातात दिला, पण आपला लगेच काढून घेतला नाही. "घरी सांगताना मात्र दोन्ही सांगा. एवढी विनंती आहे. नुसतं चावली सांगितलं तर तेही खरंच असेल, पण ती अख्खी मुंगी नसेल."

जिन्यावर चढणारी पावलं थांबली. हळूबाईंनी वर बघितलं नाही. मुंगीच्या बुटाचा पट्टा सुटला होता. त्या वाकून तो लावू लागल्या. थोड्या वेळाने पावलं पुन्हा चढू लागली, आधीपेक्षा सावकाश. वरच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी घसा खाकरला, दार बंद झालं.

"बाई," आजोबा टोपी फिरवत म्हणाले, "रागावला नाहीत ना तुम्ही?"

"रागावले ना," हळूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, शेजारी कोणी झोपलंय असा. "अजून आहे थोडा."

मुंगीने मान वर करून आजोबांकडे पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "येतो त्यांना."